भिंत बघून आलेला भाडेकरू

आमच्या पडवीत तो राहायला आला तो भिंत बघून. आमच्या घराची भिंत नव्हे. समोर भातशेतीची मळी होती, तिच्यापलीकडे सोसायटीचं भाताचं गोदाम होतं, त्याची. जागा आहे का म्हणून विचारायला आला आणि माझ्याकडे पाठ करून अंगणात उभा राहिला.

"वैनी, ही भिंत कुणाची?"

"सोसायटीची. तुम्हाला खोली हवी की भिंत?"

"खोली असंल तशी चालंल," तो म्हणाला. "भिंत लई झ्याक हाय."

माणूस घाटावरचा होता, हे तोंड उघडल्याबरोबर कळलं. डोक्याने थोडा सैल असेल असंही वाटलं. पण सरकारी नोकरी होती आणि दारू पीत नव्हता. मी पडवी दिली.

सरकारी जीप घेऊन गावोगाव फिल्म दाखवणं हे त्याचं काम. भाताचं नवं बियाणं, दोन मुलं पुरे, मुलांना लस टोचा, असल्या फिल्मा. आज नाटे, उद्या वेळणेश्वर, परवा थेट बुरोंडी. जीपमध्ये मशीन, जनरेटर, भोंगा आणि बांबूला गुंडाळलेला पडदा. पोरं मागे पळायची, मोठी माणसं त्याला फिल्मवाला म्हणायची. मी ऑपरेटर म्हणायचे, कारण पहिल्याच दिवशी त्याने मला तसं म्हणायला सांगितलं.

तो देखणा नव्हता, गोड बोलणारा नव्हता, आणि तुटलेली फिल्म चिकटवायचं जे औषध असतं त्याचा पिकल्या केळ्यासारखा वास त्याच्या कपड्यांना कायम यायचा. त्याची प्रत्येक वस्तू दोरीने बांधलेली असे. चष्मा दोरीला, पेन दोरीला, पेचकस दोरीला, बॅटरी दोरीला. जेवायला बसला की पाण्याचा तांब्यासुद्धा पाटाला बांधेल की काय असं वाटायचं. आमच्या रस्त्यांवर जीप इतकी उडायची की बांधलं नाही तर वस्तू सापडायची नाही, हे त्याचं म्हणणं. पण पडवी काही उडत नव्हती. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाला, "सवय वैनी. सुटली तर म्हागात पडंल."

नव्या घरी गेला की माणसांआधी भिंती बघायचा. वाडीत लग्न होतं, मांडवात नवरा-नवरी उभी, आणि हा मागच्या भिंतीवर हात फिरवून बघतोय. नवरीच्या बापाला म्हणाला, "गिलावा जरा उजवीकडं फुगलाय." तो माणूस पुढे कित्येक वर्षं त्याच्यावर राग धरून होता.

फिल्म चालू असताना त्याला उजेड सहन होत नसे. कुणी बिडी पेटवली की मशीन सोडून अंधारात त्या ठिणगीवर चालून जायचा आणि बिडी काढून घ्यायचा. एकदा तालुक्याच्या गावी पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबाने सिगारेट पेटवली. याने मशीनच बंद केलं. साहेब म्हणाले, काय झालं? हा म्हणाला, "तुमची वढून होऊ द्या, मग लावतो." वरून ठपक्याचा कागद आला. तो त्याने पेटीवर ठेवून त्यावर रोज सकाळी दाढीचा कप ठेवला.

आणि स्वतः तो फिल्म बघायचाच नाही. फक्त चार कोपरे बघायचा. मधे कुणी रडो, हसो, मरो. कोपरे स्वच्छ दिसले की याचं समाधान.

आता घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तो आला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमचे हे कलमावरून पडले. आंबा काढायला यांच्यासारखा चढणारा आमच्या बाजूला नव्हता. फांदीच्या टोकाला जाऊन झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, आंबा उतरवायचे, खाली एक पडू द्यायचे नाहीत. फांदी मोडली आणि स्वतःच पडले. कमरेखालचं सगळं गेलं. मोठ्या इस्पितळात ठेवून घेतलं आणि मग घरी पाठवलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, यांना झोपवून ठेवू नका. रोज बसवा, बाहेर उन्हात आणा. नाहीतर पाठ सडेल आणि छाती भरेल, आणि मग आमच्याकडे आणून उपयोग नाही."

हे बाहेर यायला तयार नव्हते. माजघराची खिडकी लावून घेतली ती उघडू देईनात. बघायला येणाऱ्यांना दारातून परत पाठवलं. गणू नावाचा यांचा जोडीदार होता, लहानपणापासून एकाच झाडावर दोघे चढत आलेले. तो रोज येऊन ओटीवर बसायचा. त्यालाही आत घेतलं नाही. मी म्हटलं, "चौघं मिळून खुर्चीत बसवून अंगणात आणतील. गणू आहे, भाऊ आहेत."

हे म्हणाले, "चौघांच्या खांद्यावरून माका एकदाच जायचाय. त्याची घाई नाय."

पाठीला जखमा धरायला लागल्या होत्या. मी पुसत होते, औषध लावत होते, आणि दुसऱ्याच्या शेतावरही जात होते. लोक म्हणत, बिचारीला किती दुःख. दुःख करायला वेळ कुठे होता? मला राग यायचा. मरायचं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यात मला विचारलं नव्हतं.

माजघर आणि पडवी यांच्यामध्ये नुसता कूड होता, कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेला. इकडचं बोलणं तिकडे जायचं. ऑपरेटरला फिल्म तपासताना मोठ्याने बोलायची सवय. पाऊस संपत आला होता, तेव्हा तो एकदा मुंबईच्या ऑफिसला जाऊन आला आणि आल्यापासून गप्प. मग बोलायला लागला तो थांबेना.

मुंबईत त्याने एक परदेशी फिल्म बघितली होती. तेव्हा आपला एक माणूस रशियाच्या यानातून वर जाऊन आला होता, त्याचे फोटो पेपरात यायचे, त्यामुळे वर माणसं जातात हे आम्हाला ठाऊक होतं. पण वर घर बांधून माणसं महिनोन्महिने राहतात, त्याची ही फिल्म. ती खास रुंद फितीवर काढलेली आणि खास मोठ्या पडद्यावर दाखवायची. पडदा केवढा? तो म्हणे, सोसायटीच्या गोदामाएवढा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यात दुसरं काही मावतच नाही.

"वैनी, जन्मात पहिल्यांदा मी कोपरे बघितले न्हाईत," तो म्हणाला. "लहान दाखवलं की माणूस बघतो. मोठं दाखवलं की माणूस जातो. मी गेल्तो."

"मग आलात कशाला?" मी म्हटलं. "भाजी निवडायची आहे, सरका."

काही दिवसांनी ऑफिसने त्याच फिल्मची बारीक फितीवरची प्रत जिल्ह्यात फिरवायला पाठवली. हा चिडला. सरकारी पडद्यावर ती दाखवणं म्हणजे समुद्र तांब्यात घालून दाखवणं, असं म्हणाला. घरी असेल त्या संध्याकाळी पडवीत बसून फीत बोटांनी सरकवत कंदिलासमोर एकेक चित्र बघायचा आणि बडबडायचा. आता झोपलेत. भिंतीला पिशव्या बांधल्यात आणि पिशवीत उभ्याने झोपलेत. न्हाईतर तरंगत जातील. ह्यानं तर चमचा पण दोरीनं बांधलाय, बघा!

एका संध्याकाळी कुडापलीकडून आवाज आला. "उब्यानं कसा झोपतो माणूस?"

माझ्या हातातली सुरी थांबली. परक्या माणसाशी हे वर्षभरात बोलले नव्हते.

ऑपरेटर मात्र दचकलासुद्धा नाही. जसं काही रोजचंच. "तिथं उभं आडवं असं न्हाईच मालक. वजनच न्हाई. पाय कामाचे न्हाईत तिथं. नुसते मागं लोंबत्यात."

मग हे म्हणाले, "पायांचा काय उपेग नाय?"

"काडीचा न्हाई. अडचणच. कुठंतरी अडकत्यात."

त्यानंतर तो घरी असेल त्या प्रत्येक संध्याकाळी कुडाच्या दोन बाजूंनी दोघांचं चालायचं. ऑपरेटरच्या बोलण्यात दया नावाला नव्हती. सगळे आमच्याकडे येऊन आवाज बारीक करून बोलत. हा यांना सरळ विचारायचा, "उताणं पडून पाणी कसं पिता? नाकात जात न्हाई?" कारण फिल्ममधल्या माणसांना पाणी पिणं कठीण होतं, आणि त्याला ते समजून घ्यायचं होतं. यांनीही नीट सांगितलं. मान कशी वळवायची, घोट कुठे धरायचा.

"आंगोळ कशी करतात?" यांनी विचारलं.

"करत न्हाईत. वल्या फडक्यानं पुसतात."

"माझ्यासारकाच. आनि परसाकडं?"

"पिशवीत."

कुडापलीकडे हे हसले. मोठ्याने नाही, पण हसले. मी चुलीपुढे बसले होते, तशीच बसून राहिले.

एकदा ऑपरेटरने खाली येण्याचं सांगितलं. इतके महिने तिथं राहून खाली आले की त्यांचे पाय काड्यांसारखे झालेले असतात. उभं राहता येत नाही. यानातून काढून खुर्चीत बसवतात आणि खुर्ची उचलून नेतात.

"लोकांसमोर?" यांनी विचारलं.

"हजार लोकांसमोर. टाळ्या वाजवत्यात लोक."

त्या रात्री हे जेवले नाहीत, आणि मला वाटलं, झालं, या माणसाने काहीतरी बिघडवलं.

मार्गशीर्षात भातं झोडून झाली, मळी मोकळी झाली, आणि ऑपरेटरने भिंतीला हात घातला. सोसायटीला विचारलं नाही. चुना कालवला, गणूला शिडीवर चढवलं आणि अख्खी भिंत पांढरी केली. भिंत उघड्या चिऱ्याची, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाची. चिरा चुना पितो आणि लाल फुटून वर येतो. दुसऱ्या दिवशी भिंत गुलाबी. परत हात दिला, परत गुलाबी. चेअरमन आले, ओरडले, पण भिंत पूर्वीपेक्षा बरी दिसत होती, म्हणून फार ओरडले नाहीत.

चित्र मोठं करायचं तर मशीन लांब न्यायला लागतं, आणि लांब नेलं की चित्र फिकं पडतं. म्हणून त्याला काळोख हवा होता, अगदी ठार. अमावास्या धरली. मशीन आमच्या अंगणात लावलं, कारण भिंतीपासून तेवढं लांब दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. लोक मळीत बसणार, भिंतीकडे तोंड करून, आमच्या घराकडे पाठ करून. हे त्याने मुद्दाम केलं का, मला सांगता येणार नाही. विचारलं असतं तर तो लेन्सचं काहीतरी बोलला असता.

त्या संध्याकाळी तो घरोघर जाऊन दिवे विझवायला सांगत फिरला. बल्ब बंद करायला कुणाची हरकत नव्हती. पण देवापुढची समई विझवायला म्हाताऱ्या तयार होईनात. एकीने समईवर रोवळी पालथी घातली. रोवळीच्या भोकांतून सगळ्या घरभर आणि दाराबाहेर टिकल्या टिकल्या उजेड पडला. हा धावत गेला. "आज्जी, टोप ठेवा टोप!"

"देव गुदमरेल रे मेल्या."

"अर्ध्या तासानं काढा."

शेवटी वाडी काळी झाली. हात डोळ्यासमोर धरला तर दिसेना. लोक मळीत कुजबुजत होते. मी माजघरात गेले.

"विजले काय सगळे?" यांनी विचारलं.

"विझले."

"गणूच्या घरातला?"

"तो पण."

हे म्हणाले, "मंग माका ओटीवर घे."

मी एकटीने कसं घेणार? बाहेर जाऊन ऑपरेटरच्या कानाशी सांगितलं. तो मशीनवर वाकला होता. शेकडो माणसं समोर बसलेली असताना त्याने मशीन सोडलं. लोक ओरडायला लागले, "काय झाला ऑपरेटर? फीत तुटली काय?"

"गप बसा! लेन्सला घाम आलाय," तो ओरडला आणि माझ्या मागोमाग आत आला. पडवीतली कापडाची आरामखुर्ची त्याने आधीच ओटीवर नेऊन ठेवली होती. दोघांनी गोधडीसकट यांना उचललं. अंगाला काही वजन उरलं नव्हतं. खुर्चीत बसवल्यावर हे एका बाजूला कलंडायला लागले, तशी त्याने कमरेची दोरी सोडून यांना छातीशी खुर्चीला बांधलं.

"लई घट्ट होतीया का?"

"होऊ दे," हे म्हणाले.

आणि फिल्म सुरू झाली. इंग्रजी आवाज त्याने बंद ठेवला आणि भोंग्यावर स्वतः बोलला. मी मशीनच्या मागे, यांच्या शेजारी उभी होते. मी आधी म्हटलं होतं, काय बघायचं त्यात. पण गोदामाची भिंत गेली. तिच्या जागी एक लांब खोली आली आणि आम्ही तिच्यात होतो. तारा, डबे, पिशव्या. एक बाई केस विंचरत होती आणि केस चहूबाजूंनी उभे. पाण्याचा लाडू हवेत हलत होता, एकाने तो तोंडाने धरला. मग खिडकी आली आणि खिडकीखाली पृथ्वी. आमच्या भिंतीने तिला गुलाबी करून टाकलं होतं. पुढून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "थितली जमीन पन आपल्यासारकी तांबडी."

मग दोन माणसं एकमेकांसमोर आली, एक सुलट आणि एक उलटा. डोकं खाली, पाय वर. आता आमच्याकडे पद्धत अशी की गावोगावच्या फिल्मांत रीळ कधीकधी उलटं लागतं, आणि तसं झालं की सगळ्यांनी ओरडायचं असतं. लोकांनी पद्धत पाळली.

"उलटा! उलटा लागला!"

"ऑपरेटर, झोपलास काय?"

"सुलट कर रे!"

शिट्ट्या, टाळ्या. एकाने मातीचं ढेकूळ फेकलं. ऑपरेटर भोंग्यावर सांगत होता की बरोबर आहे, तिथं असंच असतं, पण ऐकतंय कोण? तो चिडला की मशीन बंद करतो हे मला माहीत होतं. त्याचा हात बटणाकडे गेलेलाही मी पाहिला.

"गप बसा रे!" ओटीवरून आवाज आला. "उलटा नाय ता! थितं खाल-वर काय नसता! गुमान बगा!"

झाडावरून खालच्या माणसांना हाक मारायचा तो आवाज होता. वाडीतल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता आणि कित्येक महिन्यांत कुणी ऐकला नव्हता. शिट्ट्या थांबल्या. जनरेटर तेवढा चालत होता.

मग मळीतून गणूचा आवाज आला, जरा चिरका. "दादा? तू बायर हायस?"

"हाय. फुडं बग."

गणूने पुढे बघितलं. कुणीच मागे वळलं नाही. काळोखात वळून काय दिसणार होतं, हेही खरंच. पण वळले नाहीत.

फिल्म संपली आणि लोक उठायच्या आत एकेका घरातल्या समईवरचे टोप निघाले, बल्ब लागले. ओटीवरचाही लागला. कुणी लावला मला माहीत नाही, मी नव्हता लावला. हे तसेच खुर्चीला बांधलेले, गोधडी सरकलेली, काड्यांसारखे पाय उघडे. मी गोधडी ओढायला वाकले तर यांनी माझा हात बाजूला केला. लोक अंगणाच्या कडेशी येऊन उभे राहिले. गणू तेवढा पुढे आला. ओटीच्या पायरीवर बसला आणि यांच्याकडे न बघता म्हणाला, "थितं आंब्याचा झाड असता तर झेलो लागला नसता."

"आंबो पडलाच नसता तर झेलो कित्याक?" हे म्हणाले.

"तू पन पडला नसतास."

"मी पन नाय. तू खाली उबा ऱ्हवून नुसतो बोंबलत असतास, तसोच."

गणू हसला आणि मग शर्टाच्या बाहीने नाक पुसत बसला.

ऑपरेटर या सगळ्यात नव्हता. तो रीळ गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर ओटीवर आला, यांची दोरी सोडली, परत स्वतःच्या कमरेला बांधली आणि विचारलं, "मालक, तुम्ही सगळ्यात मागं होता. डावा खालचा कोपरा कसा होता?"

"मंद होता."

"वाटलंच मला." त्याचा चेहरा पडला. एवढं सगळं झालं आणि याचा चेहरा पडला कोपऱ्यासाठी. "भिंत तिथं पोक धरून हाय."

"उद्या परत लाव," हे म्हणाले.

"न्हाई जमायचं. उद्या फीत परत मुंबईला."

"मंग दुसरा काय तरी आन."

"दुसरं म्हंजे काय मालक, डासांची हाय एक. हिवतापाची. ती लोक बघत न्हाईत."

"डासांची आन," हे म्हणाले. "मी बगीन."

त्याने आणली. पंधरा दिवसांतच आणली, पुढच्या अमावास्येची वाट न बघता, आणि त्याच्यासारख्या माणसाने हे केलं याचं मला त्या मोठ्या फिल्मपेक्षाही नवल वाटलं. सगळी वाडी आली. हे दिवसा उजेडीच ओटीवर येऊन बसले होते, गणूने आणि माझ्या दिराने खुर्चीसकट आणून ठेवलं होतं. भिंतीवर घराएवढा डास उतरला. ऑपरेटर कपाळाला हात लावून मशीनशेजारी बसला होता, कारण आकाशात पुरं चांदणं होतं, आणि भिंतीवर काही धड दिसत नव्हतं, माणसंच एकमेकांना दिसत होती.